दोन आयनांमधला बांध

आमच्या एक्स-रे लॅबमध्ये एक फोटो निघायला तीन-चार तास लागतात. तेवढा वेळ मशीनकडे लक्ष ठेवायचं आणि गप्पा मारायच्या. त्यामुळे फोटो एक निघतो, किस्से मात्र चार! मी नववीत शाळा सोडून इथं अटेंडंट झालो. चारचौघांत बोलायला लाजतो, म्हणून लिहितो.

गेल्या वर्षी हे सगळं बंदच पडणार होतं. मशीन पुण्याला हलवायचं घाटत होतं, इथं त्याचा काही उपयोग होतो का, ते बघायला पुण्याची कमिटी येणार होती. मशीन गेलं असतं तर आमच्या रिसर्च स्टुडंट शालिनीताईंचं काम अर्धवटच राहिलं असतं.

*

नाशिकच्या आमच्या कॉलेजात एक्स-रे आहे असं ऐकून पेठहून एक आजोबा सुजलेला हात घेऊन आले. आमचे लॅबप्रमुख सर म्हणाले, "बाबा, इथं फक्त मीठ-तुरटीसारख्या खड्यांचे फोटो काढतो."

आजोबांनी विचारलं, "खडं कुठून पडलं?"

*

शालिनीताई खड्यांतल्या आयनांचा, म्हणजे विजेचा भार असलेल्या अणूंचा, आकार मोजतात. विंचूरहून आलेल्या शेतकरी वडिलांना त्या सांगत होत्या, "दादा, दोन शेजाऱ्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर कळतं. त्यातलं कुणाचं किती, ते कळत नाही."

"म्हंजे दोन शेतांच्या विहिरी दिसत्यात, मधला बांध दिसत नाय! आन् यासाठी तुला इतकी शिकवली?"

*

उपाय होता लिथियम आयोडाइड. त्यात आयोडीनचे आयन एवढे मोठे की ते एकमेकांना चिकटून बसतात आणि लिथियम फटीत मावतं. दोन आयोडीनमधल्या अंतराचं निम्मं, तोच त्याचा आकार! हे दाखवायला ताईंनी मोसंबी रचून फटींत वाटाणे ठेवले.

जेवणाच्या सुट्टीनंतर वाटाणेच उरले! सर तोंड पुसत म्हणाले, "आयनला साल असते, हे मी प्रयोगानं सिद्ध केलंय!"

*

पण हे लिथियम आयोडाइड दमट हवेत उघडलं की पाणी! सर बशीकडे बघून म्हणाले, "शालिनी, तुझे आयन पोहायला गेले."

शेवटी आम्ही ते केसासारख्या बारीक काचेच्या नळीत बंद केलं. फिल्मवर रेघा उमटल्या! रेघांमधल्या अंतरांवरून आयोडीनचा आकार हाती आला. मग दुसऱ्या क्षारांत वजाबाकीनं त्याच्या शेजाऱ्याचा, त्यावरून त्याच्याही शेजाऱ्याचा.

*

कमिटी आली. ताईंची वही चाळून अध्यक्ष म्हणाले, "आकडे पुस्तकातूनही उतरवता येतात. माझ्यासमोर काढून दाखवा." त्यांनी कँटीनमधून मीठ मागवलं.

ताईंनी आपण काढलेल्या सोडियम आणि क्लोरीनच्या आकारांची बेरीज करून मिठातलं अंतर फळ्यावर लिहिलं. मशीन सुरू झालं. कमिटीची पुण्याची एसटी गेली, तरी कुणी उठेना!

मी फिल्म धुऊन आणली. अध्यक्षांनी ती ओलीच हिसकावली, स्वतः रेघांमधली अंतरं मोजली, लॉग टेबल मागितलं. आकडा काढला, फळ्याकडे पाहिलं. फरक फक्त दुसऱ्या दशांशस्थळाला!

मग अध्यक्ष हळूच म्हणाले, "मशीन इथंच राहू दे. पुढच्या वर्षी आमची दोन मुलं इथं शिकायला पाठवली तर चालतील का?"

शालिनीताई म्हणाल्या, "चालतील ना! पण सर, नंबर लावावा लागेल!"