तोटीचा जार

मामा पाणी ओतायचे तेव्हा आवाज येत नसे. माठातून तांब्यात असो की तांब्यातून पेल्यात, त्यांच्या हातून पाणी पडायचं नाही, उतरायचं. लातूरला आमच्या गल्लीत टँकर आला की पाईप, घागरी आणि भांडणं यांचा एकच गोंधळ व्हायचा. मामा मात्र आपल्या टाकीत पाईपाचं तोंड भिंतीला टेकवून उभे. "पाण्याला आपटू न्हाई," म्हणायचे. "आहिस्ता उतरू द्यावं."

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही. सगळी नोकरी साखर कारखान्यात, उसाच्या मिलवर झाली. माझा नवरा दारूनं गेला, तेव्हा जळकोटहून मला आणि माझ्या पेटीला तेच घेऊन आले. सासरी कुणी थांब म्हणालं नाही. एसटीत मामांनी माझी पेटी मांडीवर धरली होती. घराचं कुलूप काढल्यावर म्हणाले, "सुमे, चहा तू करत जा. माझा चहा लई वाईट असतो." तेवढ्यावर माझं राहणं ठरलं.

दर रविवारी संध्याकाळी त्यांचे मित्र गुरुजी यायचे. शाळेतून रिटायर झालेले, तोंडानं फटकळ. दोघं ओट्यावर चहा पीत बसायचे आणि दोघांनाही त्या चहात गोडी नाही हे मला आतून दिसायचं. बरेच महिने गेल्यावर गुरुजींनाच राहवलं नाही. "सुमन, तुझा मामा घरी बिअर करायचा. काय चीज होती म्हणून सांगू! तू आलीस आन् जार माळ्यावर गेला."

"गुरुजी, तोंड आवरा," मामा म्हणाले. एवढं चिडलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मला त्या वासाची भीती होती. कुठं बूच उघडल्याचा आवाज आला तरी मी दार लावून घ्यायची. पण माझ्यापायी एका माणसाची हौस माळ्यावर पडून आहे, हेही सोसेना. एक दिवस मी म्हणाले, "मामा, जार खाली काढा."

"नको. मला चहा चालतो."

"चालत न्हाई. मला दिसतं ना."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग स्टूल आणायला गेले.

जार म्हणजे लग्नात थंड पाण्याला असतो तोच, जाड भिंतीचा, खाली तोटी असलेला. गार राखतो तसा गरमही राखतो. मामा जवाला मोड आणून गच्चीवर वाळवायचे आणि गिरणीतून भरड काढून आणायचे. गिरणीवाल्याला दर वेळी बजावायचे, "पीठ करू नको बाबा. टरफल राहू दे, तीच आपली गाळणी हाय." भरड जारात गरम पाण्यात भिजायची. तोटीच्या तोंडाशी आतून चाळणी बसवलेली असायची. तोटी किंचित उघडली की आधी गढूळ पाणी येई, ते हलकेच परत वर घालायचं. मग मधाच्या रंगाचं, स्वच्छ येऊ लागे. ते खाली जाऊ लागलं की धान्यात उरलेली गोडी धुऊन घेण्यासाठी वरून गरम पाणी सोडायचं. उकळतं नव्हे, उकळत्यानं टरफल तुरट होतं. धान्यावर एक थाळी ठेवायची आणि त्या थाळीवर लांब दांड्याच्या वगराळ्यानं ओतायचं. खालून जेवढं जाईल तेवढंच वरून द्यायचं. धान्य उघडं पडू द्यायचं नाही. "एकदा का भेग पडली," मामा म्हणायचे, "की पाणी तिथूनच पळून जातं. बाकीच्या दाण्याला कुणी इचारत न्हाई."

पुढं ते गोड पाणी पुण्याहून मागवलेली कडू फुलं घालून उकळायचं, गार करून आंबवायचं, बाटल्यांत भरायचं. पण मामांचा जीव असायचा तो त्या ओतण्यात. रविवारी प्यायचे एकच ग्लास.

उरलेली भरड शेजारची मंगल आपल्या म्हशीला नेई आणि नेताना टोमणाही मारून जाई. "काय गं सुमन, मामानं भट्टी लावली म्हणं? म्हैस झिंगली तर धारंला तूच ये." गल्लीत बायका हसायच्या. मी खाली मान घालून आत यायची. मामांना हे कळलं तेव्हा म्हणाले, "तुला लाज वाटत असंल तर बंद करू." मी नको म्हणाले. दमलेलं माणूस किती गोष्टींची लाज बाळगणार?

मग त्यांच्या हाताला कंप सुटला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, कंप तसाच राहिला. चहाची बशी वाजायला लागली. पाणी ओतताना आवाज यायला लागला. एकदा ओतता ओतता वगराळं थाळीच्या कडेला लागलं, थाळी कलंडली, गरम पाण्यानं धान्यात खड्डा पाडला आणि उरलेलं त्यांच्या पायावर सांडलं. पाय भाजला त्याचं त्यांना काही नव्हतं. जाराकडं बघत म्हणाले, "संपलं आता हे."

मी त्यांच्या पायावर गार पाणी घातलं. मग त्यांच्या हातातलं वगराळं काढून घेतलं. मला काही त्यांच्यासारखं ओतायचा धीर नव्हता. पण ते तसे बसलेले बघवत नव्हते, म्हणून उरलेलं मीच ओतलं.

माझ्या हाताला सवय कुरडयांची. भिजवलेले गहू वाटले की चोथा मुठीत घेऊन शेवटच्या थेंबापर्यंत चीक पिळायचा, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. तोटीची धार बारीक झाली तेव्हा मामा जरा आडवे झाले होते. जारात एवढं ओलं धान्य बघून मला ते वाया जातंय असं वाटलं. मी बाह्या सारल्या, मुठी भरभरून पिळलं आणि निघालेलं पाणी तोटीखालच्या भगुन्यात घातलं. मामा उठून आले, तेव्हा मी कोपरापर्यंत बरबटलेली होते.

"अगं, पिळलंस व्हय?"

"लई राहिलं होतं त्यात."

ते हसले, अगदी थकून हसले. "कारखान्यात आम्ही तेच केलं जन्मभर. ऊस पिळा, चिपाडावर पाणी मारा, पुन्हा पिळा. इथं पिळायचं न्हाई, सुमे. आपणहून येतंय तेवढं घ्यायचं."

पिळलेल्या टरफलानं ती बिअर तुरट झाली. गुरुजींनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ही काय बाभळीची साल उकळली का रे?"

"पोरीचा पहिला हात हाय," मामा म्हणाले. "गुमान प्या." आणि स्वतःचा ग्लास त्यांनी तोंड वाकडं न करता संपवला. त्या सगळ्या बाटल्या त्यांनी तशाच संपवल्या.

पुढं त्यांचं जेवण कमी झालं. तब्येतीचं काही खरं नाही हे आम्हा दोघांनाही कळत होतं. एकदा म्हणाले, "तुझ्या हातची एकदा नितळ प्यायची हाय. मग बघू." मला रात्रंदिवस तेच लागून राहिलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी टँकर लांबला होता. मी प्यायच्या पाण्यातलं काढून ठेवलं आणि भरड भिजवली. मामा खाटेवरून बघत होते. मी थाळीवर वगराळं टेकवून ओतत राहिले. मध्ये मध्ये तोटीखाली चमचा धरून चव घ्यायची. ते तर नुसतं गोड पाणी, त्याला माझी हरकत नव्हती. गोडी पातळ होत गेली. मग जिभेच्या कडेला किंचित काही तरी लागलं.

"मामा, तुरट येतंय वाटतं."

"मग थांब."

"अजून लई हाय जारात."

"असू दे. थांब तू."

मी तोटी बंद केली. भगुन्यातलं चमचाभर त्यांच्या तोंडाला लावलं. त्यांनी डोळे मिटून ते तोंडात धरून ठेवलं आणि मान हलवली. "जमलं," म्हणाले.

आंबवून भरलेल्या बाटल्या त्यांच्या खाटेखाली ठेवल्या होत्या. त्या तयार व्हायच्या आतच मामा गेले.

त्यांचे दिवस झाल्यावर रविवारी गुरुजी आले, ओट्यावर बसले. चहा नको म्हणाले. मी आत जाऊन बाटली काढली. बूच उघडलं तेव्हा मान फिरवलीच. तरी ग्लास भरला आणि त्यांच्यापुढं ठेवला.

गुरुजींनी घोट घेतला. ग्लास उजेडात धरून बघितला.

"तुरट न्हाई, सुमन," म्हणाले. "नितळ हाय."

एवढं बोलून त्यांनी उपरणं डोळ्यांना लावलं. जाताना विचारलं, "पुन्हा करशील का?" मी नाही म्हणाले. ते बरं म्हणाले. उरलेल्या बाटल्या मी त्यांनाच दिल्या.

यंदा मंगलच्या अंगणात आम्ही दोघींनी कुरडयांचा चीक काढला. मी चोथा मुठीत घेतला, दाबला आणि टोपल्यात टाकला. मंगलनं तो परत उचलून बघितला.

"अगं, हाय की अजून ह्यात. पीळ की जरा."

"राहू दे," मी म्हणाले. "तुझ्या म्हशीला घाल."