शिवदारा आणि नळी

देवावरचा माझा विश्वास हलला तो झोपेमुळे. झोपेत माझा श्वास थांबायचा. आडवं पडलं की घशात बोळा कोंबल्यासारखं व्हायचं, म्हणून मी भिंतीला टेकून बसून झोपायचे. आमच्या लिंगायतांत माणूस गेलं की त्याला बसवून पुरतात. एका दुपारी सून चहा घेऊन आली, मला तशी बसलेली पाहून कप टाकून ओरडत बाहेर पळाली. मी डोळे उघडले तेव्हा दारात गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. माझी थोरली बहीण अशीच घोरता घोरता झोपेत गेली होती. आता नंबर माझा, हे मी ओळखलं.

सोलापूरच्या डॉक्टरांनी झोपेत श्वास चालू राहावा म्हणून नाकाला लावायचं मशीन दिलं. त्याची नळी छातीवरून खाली यायची आणि शिवदाऱ्यात अडकायची. शिवदारा म्हणजे गळ्यातल्या इष्टलिंगाचा दोरा. लिंग अंगावरून काढायचं नसतं, मेल्यावरही नाही. एकदा कूस बदलताना हिसका बसून दोरा तुटायला आला. मला वाटलं, देव सांगतोय, दोन्हीतलं एक ठेव. मशीन ट्रंकेत गेलं. मुरुम गावातली आमची भावकी म्हणाली, बरं केलंस.

पुढं पाय सुजले. चुलीपुढं डुलकी लागून पदर पेटता पेटता राहिला. मुलानं परत सोलापूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या समाजातल्या बायका मशीन टिकवतच नाहीत."

"आमच्यातल्या किती बघितल्या?" मी विचारलं. त्यांनी पुढचा पेशंट आत बोलावला.

बाहेर बाकावर बसून मी मनात देवाशी भांडले. दोरा तूच ओढलास, आता मलाही तूच ने. शेजारी बुरख्यातली एक बाई बसली होती.

"आक्का, तुमालाबी मशीनच का?"

"ट्रंकेत हाय. डॉक्टर म्हणाले, तुमच्यातल्या बायका टिकवतच न्हाईत."

ती हसली. "मलाबी असंच बोलले. तुमच्यातल्या बायका सोडतात म्हणून. म्हंजी सगळ्याच सोडतात की."

"तुमी का सोडलं होतं?"

"गळ्यात तावीज हाय. नळी अडकायची."

माझा हात आपोआप गळ्याशी गेला. तिनं पाहिलं, पण काय आहे ते विचारलं नाही. म्हणाली, "नळी खाली सोडू नका. डोईवरून मागं घ्या, उशाच्या खुंटीला टांगा. गळ्यातलं गळ्यात, नाकातलं नाकात."

"एवढंच?"

"एवढंच. डॉक्टरच्या गळ्यात काय न्हाय, त्याला कसं सुचंल?"

तेवढ्यात तिला आत बोलावलं. ती पुन्हा दिसली नाही. नावही विचारायचं राहिलं.

याला मी चमत्कार म्हणत नाही. पण देवाशी भांडण चालू असताना ती शेजारी बसली होती, हे मी विसरत नाही. रोज पूजेत तिच्यासाठी एक बेलाचं पान जास्त वाहते. मशीन ट्रंकेतून निघालं, पण मला ते अजून आवडत नाही. सकाळी गालांवर पट्ट्याचे वण असतात, त्याच तोंडानं कपाळाला भस्म लावते. बहिणीच्या गळ्यातही लिंग होतं. तिला बाकावर कोणी भेटलं नाही. का, ते देवाला विचारायचं मी सोडून दिलं.

आमच्याकडं लाईट जाते. मग मशीन बंद पडतं. तेव्हा मी नाकावरचं काढते, भिंतीला टेकून बसते आणि लिंग मुठीत धरते. लाईट आली तर आली. नाही आली, तरी मी बसलेलीच आहे.