दुसऱ्याची वायर

शहाद्यात आमच्या गल्लीला इंटरनेट देणारा माणूस भेटला की तब्येतीऐवजी "नेट चालू शे ना?" असंच विचारायचा. नवी कंपनी आल्यापासून त्याची गिऱ्हाइकं तुटत चालली होती.

एका सकाळी शेजारच्या मुलीची नोकरीची ऑनलाइन मुलाखत मध्येच बंद पडली. नव्या कंपनीची वायर कुणीतरी कापली होती. तिचं रडणं ऐकून हा आमचा नेटवाला शिडी घेऊन आला आणि ती वायर जोडून उतरला. मुलीच्या आईने चहा पुढे केला. त्याने कप घेतला नाही.

"ताई, वायर मीच कापेल व्हती. पोरनी मुलाखत शे, माले माहीत नव्हतं."

मुलगी म्हणाली, "काका, त्या मुलाखतवाला आता फोन उचलतस नही."

तो तिथेच पायरीवर बसला. मला त्याच्याकडे बघवेना; मी आमचं दार हळूच लोटलं.