निलगिरीचे दोन थेंब

आमच्या कासारवाडीच्या खोलीत निलगिरी तेलाची बाटली देवाच्या फळीवर, कुंकवाच्या करंड्याशेजारी असायची. सासूबाईंनीच ती तिथं बसवली होती. सर्दी झाली की रुमालावर तेल. गुडघे धरले की तेल. घरात कुणी तापातून उठलं की फरशी पुसायच्या पाण्यातही तेच. खाटेच्या सांध्यांत ढेकूण झाले की तिथंही त्या ते ओतायच्या. माझ्या मते त्या वासानं ढेकूण मरत नसत, नुसते शेजारच्या खोलीत राहायला जात. मी हे एकदा बोलून दाखवलं तर, "तुमा पुन्याच्या पोरींना लई कळतं," एवढं ऐकून घ्यावं लागलं.

माझी मुलगी तेव्हा नुकती धरून उभी राहायला लागली होती. त्या सकाळी नवरा पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेला होता. मी विहिरीवरून धुणं घेऊन परतले, तर दारातच तेलाचा भपकारा आला. म्हटलं, निघाली वाटतं ढेकणांवर स्वारी. आत पाहते तर मुलगी सासूबाईंच्या मांडीवर मान टाकून पडलेली, आणि वास तिच्या तोंडाला.

"खोकत व्हती गं. म्हून दिलं जरासं," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे लहान मुलाचं पोट दुखलं की बत्ताशावर ओव्याच्या अर्काचे दोन थेंब टाकून द्यायची रीत. तीच त्यांनी निलगिरीला लावली, असं मला वाटलं. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू, असं त्या म्हणत होत्या. मी काही ऐकलं नाही. मुलीला त्यांच्या मांडीवरून हिसकावलं आणि रस्त्याकडे धावले. त्या मागून अनवाणीच आल्या.

टांगा मिळाला, तर पुढं रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी रांगत होती आणि डबे काही संपेनात. मी मुलीच्या तळव्यांना चिमटे घेत होते. आधी ती कण्हायची, मग तेवढंही करीना. सासूबाईंचा इतका संताप आला होता की त्यांच्याकडे बघायचीच भीती वाटत होती. तोंड उघडलं असतं तर जन्मभराचं बोलून बसले असते.

पिंपरीच्या निर्वासित छावणीत एक सिंधी डॉक्टर होते. तेलाचं ऐकून त्यांनी मुलीच्या पापण्या उघडून पाहिल्या, छातीला नळी लावली.

"कितना दिया? किती दिलं?"

"दोन थेंब," सासूबाई म्हणाल्या.

"दोनच?"

"दोनच. देवाशपथ."

"मग हे तेलानं नाही. दुसरं काही आहे. मेंदूचा ताप असेल," म्हणत ते तापाच्या औषधाची सुई उकळायला ठेवू लागले.

आणि मला घरातला बत्ताशांचा डबा आठवला. आदल्या दिवशीच मी तो धुऊन पालथा घातला होता. बत्तासा दोन थेंबांत भिजतो, जास्त ओतलं तर हातातच विरघळून जातो. माप त्याच्या अंगातच असतं. बत्तासा नव्हता, मग माप कशाचं धरलं यांनी?

आमच्याकडे सून सासूला चारचौघांत खोटं पाडत नाही. पण मी पडले फटकळ, राग गिळणं मला कधी जमलंच नाही. त्या दिवशी गिळला. सासूबाईंना मी आत्या म्हणायची. त्यांचा हात धरला.

"आत्या, घरी कुणाला कळणार नाही. मी बोलणार नाही. कशात दिलं तेवढं सांगा."

 त्या हळूच म्हणाल्या, "चमच्यात. मधासंगं. भरून."

डॉक्टरांनी सुई बाजूला सारली. ओकारी काढली नाही ना, हे विचारलं. नाही म्हटल्यावर, "बरं केलंत, तेल फुप्फुसात गेलं असतं," एवढंच म्हणाले. छावणीतल्या एका व्यापाऱ्याची मोटार मागवून ते स्वतः आमच्याबरोबर पुण्याच्या इस्पितळात आले.

दुपार कलली तरी मुलगी निपचितच होती. नर्स येत, नाडी बघून जात. आणि मग एकदम ती रडली. कर्कश, बेसूर, ऊर फुटेल असं रडणं. मी तिथंच भिंतीला टेकून खाली बसले आणि तिच्याहून मोठ्यानं रडले.

नवरा पाळी सुटल्यावर शेजाऱ्यांकडून कळून, छावणीत चौकशी करून धावत आला. मुलगी माझ्या मांडीवर होती. तिला बघून त्याला धीर आला, आणि लगेच रागही आला.

"तेल पाजलं कुणी हिला?"

"बाटली फळीवरून पडली," मी म्हटलं. "हिच्या हाताला लागली."

आत्या बाकाच्या टोकाला पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. त्या उठून मुलासमोर उभ्या राहिल्या.

"न्हाई रं. ती माझ्यापायी खोटं बोलतीया. म्या दिलं."

 आत्यांनी नातीला घ्यायला हात पुढं केले आणि तसेच मागं घेतले. मी उठले आणि मुलीला त्यांच्या हातात दिलं.