पांढऱ्या रेघेवर गेलेला ट्रक

वहिनींचा फोन आला तेव्हा मी आमच्या तीन ट्रकांच्या कागदपत्रांची यादी तपासत होते. "गॅरेज उघडलं, खुर्चीत बसले आणि... गेले." दत्ताअण्णा माझे चुलतभाऊ. जुन्या हुबळीत ट्रकदुरुस्तीचं त्यांचं गॅरेज. फोन ठेवला आणि सवयीने कुणाकुणाला कळवायचं ते लिहायला घेतलं. एक नाव लिहून खोडलं. बसप्पाच्या बायकोचं.

अण्णांचा हात पाट्यांवर बसलेला. ट्रकचे धक्के सोसणारे नवे पाटे बसवले, की ते अॅक्सलला धरून ठेवणाऱ्या बोल्टांचे चारही नट ते समोरासमोर, थोडे थोडे आवळत. तेही ट्रक चाकांवर उभा असताना. मग नटावरून बोल्टावर खडूची पांढरी रेघ. भरलेली एक खेप झाली की पाटे दबतात, बोल्ट सैल पडतात. म्हणून ट्रक परत आणायचा, पुन्हा आवळायचा, आणि मगच पिवळ्या रंगाची रेघ. मी मात्र पहिल्याच दिवशी वहीत 'बोल्ट : झाले' लिहून मोकळी. अण्णा हसायचे. "शैले, नट तुझी वही वाचत नाही गं."

दहा वर्षं झाली. आमचा ड्रायव्हर बसप्पा नव्या पाट्यांवरची पहिली खेप टाकून आला आणि दारातूनच म्हणाला, "अक्का, गाडी अण्णांकडं नेऊ काय? अजून पांढरीच रेघ आहे." मी वही उघडून दाखवली. "झालंय बघ. आधी अळणावर गावाहून लाकूड आण." परतताना वळणावर अॅक्सल सरकला आणि लाकडांसकट ट्रक उलटला. बसप्पा जागीच गेला.

त्याच्या घरी अण्णा माझ्या पुढे उभे राहिले. त्याच्या वडलांना कन्नडमधून एवढंच म्हणाले, "बोल्ट मी आवळले होते." मी शेजारी होते... बोलले नाही. नंतर विचारलं तर म्हणाले, "खोटं काय बोललो? ट्रक परत आला नाही, हे मला दिसत होतं. मीच बघायला यायला हवं होतं." पुढे ट्रकवाले दुसरीकडे वळले. "पाटे तेवढे त्यांच्या हातचे नकोत," असं माझ्यासमोरही म्हणायचे. तेव्हाही मी गप्प. आमचे ट्रक तेवढे जात राहिले. मी गेले की अण्णा खुर्ची पुसून द्यायचे, चहा सांगायचे... ते सोसवायचं नाही.

तेराव्यानंतर बसप्पाच्या बायकोकडे गेले आणि सगळं सांगितलं. ज्वारी निवडणारा तिचा हात थांबला. "अण्णा दरवर्षी यायचे. तुमचं नाव कधी घेतलं नाही त्यांनी." मग ती पुन्हा ज्वारी निवडू लागली. मला बस म्हणाली नाही.

अण्णांनी शेवटचे पाटे बसवले ते आमच्याच ट्रकचे. परवा तो पहिली खेप टाकून आला, तसा थेट त्यांच्या गॅरेजात लावायला सांगितला. शेजारच्या मिस्त्रींनी अण्णांचा लांब दांड्याचा पाना लावला. नट फिरला, खडूची रेघ मधोमध तुटली.

"पाव फेरा, अक्का," मिस्त्री म्हणाले. "जास्त नाही."

बसप्पाचाही एवढाच राहिला असेल.