तिचा ‘नाय’

कट्टा गावच्या प्रौढ साक्षरता वर्गात मी तिला लिहायला शिकवलं. मासळीची टोपली दाराबाहेर ठेवून ती पहिल्या बाकावर बसायची, पेन्सिल कोयतीसारखी मुठीत धरायची आणि काहीही सांगितलं की म्हणायची, “बरा.” फक्त ‘नाही’च्या जागी ती ‘नाय’ लिहायची. वर्षभर मी ते लाल पेनाने दुरुस्त केलं.

मग एक योजना आली. हॉटेलकामाचं प्रशिक्षण घ्या, नोकरी नक्की. मीही मूर्खासारखं तिला तेच सांगितलं. प्रशिक्षण संपलं, पण एकाही हॉटेलातून बोलावणं आलं नाही. फॉर्मवर सह्या घ्यायला मात्र योजनेचे साहेब वर्गात हजर. ‘रोजगार मिळाला का?’ या प्रश्नापुढे त्यांनी ‘होय’ आधीच लिहून आणलं होतं.

“मासे विकता ना? मग झाला की रोजगार!”

“मासे मी पयल्यापासून इकतंय,” ती म्हणाली.

माझं डोकं सणकलं. तिने शांतपणे ‘होय’वर काट मारली आणि शेजारी लिहिलं, ‘नाय’.

“बाई, हे काय शिकवलंत? दुरुस्त करा,” साहेब माझ्यावर डाफरले.

मी लाल पेन काढलं आणि त्या ‘नाय’पुढे ठसठशीत बरोबरची खूण केली.