चिंचेची खोली थंड का होत नव्हती

"मॅडम, तुमची कॉइल बोगस हाय!"

कोल्ड स्टोरेजचे मालक दिनकरराव व्यापाऱ्यांसमोरच ओरडले. चिंचेच्या खोलीत चार डिग्री हवे होते, मीटर बारा दाखवत होता. व्यापाऱ्यांची चिंच काळी पडायला लागली होती. लातूरच्या औसा रोडवरच्या या खोलीची कॉइल मीच निवडून बसवली होती. फोन आला तशी मी नांदेडहून धावत आले होते. माझ्या कॉइलला कुणी नावं ठेवलेली मला अजिबात सहन होत नाहीत.

कॉइल म्हणजे इव्हॅपोरेटर. छताला टांगलेला नळ्यांचा जुडगा, त्याला पंखे. नळ्यांत रेफ्रिजरंट, म्हणजे थंडावा देणारा गॅस भरलेला असतो, ते उकळतं आणि त्यासाठी लागणारी उष्णता खोलीतल्या हवेतून ओढून घेतं. माठातलं पाणी झिरपून वाळतं आणि आतलं गार होतं, तसंच. पण हवेतली वाफ गार नळ्यांवर बर्फ होऊन बसते. थर साचला की हवा आतून जात नाही आणि खोली तापते. म्हणून अधूनमधून थंडावा थांबवून हीटरने तो बर्फ वितळवायचा. याला डिफ्रॉस्ट म्हणतात. पाणी खालच्या ट्रेमध्ये पडतं आणि पाइपाने बाहेर जातं.

गॅसचं प्रेशर पाहिलं, ठीक. कॉम्प्रेसर ठीक. पंखे ठीक. मी वैतागले. तेवढ्यात दुपार झाली.

मालकांचं घर आवारातच. भांडणाऱ्या माणसाकडे जेवायचं जिवावर आलं होतं, पण त्यांच्या बायकोने, सुमनवहिनींनी, हाताला धरून नेलं. तुरीचं वरण असं, की डाळीचा दाणा शोधून सापडू नये. लातूरचं बोअरचं पाणी इतकं जड, की कुकरच्या कितीही शिट्ट्या करा, डाळ टणकच.

"वहिनी, डाळ एवढी मऊ कशी शिजवता हो?"

"पाण्याचा गुण हाय ताई," त्या हसल्या. मी आणखी वाढून घेतलं.

जेवून परत आले, डिफ्रॉस्टचा टायमर उघडला आणि बघतच राहिले. मी दिवसातून चारदा लावून दिला होता. इथे तासातासाला! खोली जरा गार होते न होते तोच हीटर चालू. मागचं दार तर वीट लावून सताड उघडं ठेवलेलं.

"बालाजी, हे कुणी केलं?"

ऑपरेटर बालाजी जमिनीकडे बघायला लागला. "वहिनीसाहेबांनी सांगितलं, मॅडम. दार उघडं असलं की बर्फ लई धरतो. मग पाणी बी लई पडतंय."

"पाणी कशाला?"

"डाळीला."

मी पाइपाचा माग काढला. बाहेर ड्रेन पाइपाखाली स्टीलची घागर, तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं. हवेतलं पाणी ते, त्यात क्षार नसतात. डाळ शिजणारच. पण शिडी लावून ट्रे उघडला, तर तळाला काळा चिकट थर, गोण्यांची धूळ आणि कोपऱ्यात मेलेली पाल. मी कशीबशी उतरले आणि भिंतीआड जाऊन ओकले. बालाजी बघत होता, बघू दे.

संध्याकाळी नवरा-बायको दोघांना ट्रे दाखवला. वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी घागर तिथेच उपडी केली. मी टायमर पूर्ववत केला, दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मीटर चारवर होता. दाराजवळच्या गोण्या गेल्या, बाकी चिंच वाचली. व्यापारी बघायला आले तेव्हा दिनकरराव त्यांना म्हणाले, "कॉइलमध्येच फॉल्ट होता. मॅडमनी काढला."

मी थक्क झाले. आदल्या संध्याकाळी स्वतः शिडीवर चढून ट्रे पाहिलेला माणूस हा! मी तोंड उघडणार, तोच मागून आवाज आला.

"कॉइल चांगली हाय." सुमनवहिनी पायऱ्या उतरून आल्या होत्या. "दार म्याच उघडं ठेवायला लावलं. डाळीच्या पाण्यासाठी."

मग एका व्यापाऱ्याने हळूच विचारलं, "म्हंजे परवा आमी जेवलो, ते वरण..."

"हाव. त्याच पाण्याचं."

पालीचं मात्र मी बोलले नाही.

हल्ली खोली थंड होत नाही असा फोन आला, की गॅसचं प्रेशर मी नंतर विचारते. आधी विचारते, ड्रेनचं पाणी कुठे जातं?